मामाला ट्रंककॉल

लग्न उद्यावर आलं, तरी मुलीच्या मामाचा पत्ता नव्हता.

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या ईरप्पाच्या दारात मांडव पडला होता. बुंदी पाडून झाली होती, मैंदर्गीहून नवऱ्याकडची मंडळी दिवेलागणीला उतरणार होती, आणि ईरप्पाची बायको हेमावती हातातलं काम टाकून दर दहा मिनिटांनी उंबऱ्यात येत होती. तिचा भाऊ शिवपुत्र वैरागला, आईजवळ राहायचा. मामानं आठ दिवस आधी यायचं, मांडवाच्या मेढी रोवायच्या, आचाऱ्याशी भांडायचं आणि अक्षता पडताना भाचीच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. मेढी दुसऱ्यांनी रोवल्या, आचाऱ्याशी भांडण ईरप्पानंच उरकलं. राहिली भाचीची पाठ.

"आवं, तुमी पत्रिका घिऊन गेला तवा आण्णा काय म्हनला?" हेमावतीनं त्या दिवसात सहाव्यांदा विचारलं.

"येतो म्हनला."

"कदी येतो?"

"येतोच म्हनला."

"आन अव्वाला साडी आवडली न्हवं?"

"लई आवडली. लगीच नेसली की."

हेमावती थबकली. "लगीच? नवं लुगडं देवापुढं ठेवल्याबिगर अव्वा कदी नेसत न्हाय."

"ठेवलं की. देवापुढं ठेवलं, हात जोडले आन मग नेसली."

ईरप्पाचं मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं. एकदा केलेली कल्हई जन्माला पुरत नाही, हे तो गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आला होता. खोट्याचंही तसंच असतं, हे मात्र त्याला गेल्या महिन्याभरात समजत होतं. रोज नव्यानं कल्हई करावी लागत होती, आणि भांडं दिवसेंदिवस मोठं होत चाललं होतं.

खरी गोष्ट अशी की ईरप्पा वैरागला गेलाच नव्हता. अव्वाची, म्हणजे सासूची साडी, मेहुण्याचं धोतर आणि शेंगाचटणीचा डबा असलेलं गाठोडं महिनाभर दुकानातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या बंबात बसून होतं.

याच्या मुळाशी होता टेलिफोन.

सहा वर्षं नंबर लावून बसल्यावर गेल्या दिवाळीला ईरप्पाच्या घरी फोन आला होता. खरं म्हणजे तो दुकानात हवा. पण दुकानात गिऱ्हाइकं मागतील, म्हणून तो घरी बसवला. घरी शेजारी मागू लागले. पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मुंबईच्या नातेवाइकांना आपला म्हणून ईरप्पाचाच नंबर कळवून टाकला. तेव्हा ईरप्पानं सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. समोरून काच, बाजूला कडी, कडीला कुलूप. फोन रस्त्यावरून दिसायचा, पण हाताला लागायचा नाही. किल्ली ईरप्पाच्या करदोड्याला. तो घरी नसताना घंटा वाजली तर घरातली माणसं काचेपुढं उभी राहून ती बंद होईपर्यंत आदरानं ऐकत. हेमावती पेटीला रोज हळदकुंकू वाही.

फोन आला आणि ईरप्पाचे पाय थांबले. त्याचा साधा विचार होता. कुणाच्या घरी जायचं म्हणजे दीड तास मोडणार, दोन कप चहा पोटात जाणार, घरातलं एक जुनं दुखणं पहिल्यापासून ऐकावं लागणार आणि निघताना चप्पल सापडणार नाही. तेच काम फोनवर तीन मिनिटांत, अनवाणी होतं. पेठेतले वडीलधारे आडते सिद्धलिंगप्पा यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ईरप्पानं घरी न जाता फोन केला. "अप्पा, आता कसं दिसतंय?"

"सगळं दिसतंय," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "तू तेवढा दिसत न्हाईस."

ईरप्पा हसला होता. टोमणा कळायला माणसाचं तोंड दिसावं लागतं.

मुलीचं, चन्नीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका सिद्धेश्वराला आणि दुसरी मामाला, तीही घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षत ठेवून. हेमावतीनं गाठोडं बांधून नवऱ्याला सकाळच्या गाडीला धाडलं. ईरप्पा स्टँडवर गेलासुद्धा. चैत्रातलं ऊन, गाडीच्या दाराला लोंबकळणारी माणसं, आणि पलीकडं वैरागला चहा, दुखणं, चप्पल. तो वळला, दुकानात आला आणि गाठोडं बंबात ठेवलं. घरच्या फोनवरून मेहुण्याला बोलवावं तर हेमावती शेजारी उभी. म्हणजे स्वतःच्या घरी फोन असून त्याला सिद्धलिंगप्पांच्या आडतीवरून वैरागच्या पोष्टात ट्रंककॉल लावावा लागला. तिथून माणूस जाऊन शिवपुत्राला बोलावून आणणार, मग बोलणं.

"मामाला फोन?" सिद्धलिंगप्पांनी नव्या चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. "बघ बाबा."

"जमाना बदलला, अप्पा."

बोलणं झालं. तीन मिनिटांतली पहिली दोन "हॅलो, ऐकू येतंय का" यात गेली. मग ईरप्पा पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "शरणार्थ! चन्नीचं लगीन हाय! पत्रिका पोष्टानं येतीया!" पलीकडून शिवपुत्र एवढंच म्हणाला, "एवढंच व्हय?" आणि लाइन तुटली. 'सगळ्यांना घेऊन या' हे वाक्य ईरप्पाच्या तोंडातच राहिलं. संध्याकाळी तो वैरागहून परत आल्यासारखा, पाठ धरत घरी आला.

आता लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हेमावतीनं त्याला पेटीपुढं गाठलं.

"काढा ती किल्ली. लावा वैरागला फोन. काय झालंय कळू दे तरी."

ईरप्पानं करदोड्याची किल्ली मुठीत धरली. शिवपुत्र फोनवर काय काय बोलेल, आणि शेजारी हेमावती.

"छे छे! मामाला काय फोनवर बोलवायचं असतं? समक्ष जावं लागतं."

"समक्ष गेलाच हुता की तुमी!"

"पुन्ना जातो. उद्या पहिल्या गाडीनं जातो आन संगं घिऊनच येतो. मुहूर्त साडेबाराचा हाय."

"मुलीचा बाप लग्नादिवशी गावाला?" हेमावतीचे डोळे भरले. "जावा. पर एक सांगून ठेवते, आण्णा चन्नीच्या पाठीशी उभा न्हाय राहिला तर मी बी मांडवात येनार न्हाय. माझ्या माहेराला बाजूला ठेवून लगीन हुनार असंल तर तुमचं तुमी करा."

सकाळी ईरप्पानं दुकान उघडून बंबातलं गाठोडं काढलं आणि सातची गाडी धरली. वाटेत समोरून एक सोलापूरची गाडी धुरळा उडवत गेली. त्यानं खिडकीची काच ओढून घेतली आणि मेहुण्यापुढं काय बोलायचं ते जुळवत बसला.

शिवपुत्राच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई डाळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि ईरप्पाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोन म्हनायचं?"

"मी ईरप्पा. सोलापूरचा. शिवपुत्राचा दाजी."

बाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! मेलं हुतं त्ये व्हय तुमी?"

"कोन मेलं?"

"तुमीच की! बसा, बसा. मी बाळाबाई. तुमच्यासाटी मी लई रडले बगा."

ईरप्पा ओट्यावर बसला. बाळाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि पलीकडच्या घराकडं हाक टाकली, "ये गं, हिकडं ये! नागव्वाचा जावई आलाय, त्यो मेलेला!" बघता बघता सातआठ माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं ईरप्पाचा हात हातात घेऊन दाबून बघितला आणि "ऊन हाय" असा निकाल दिला.

मग बाळाबाईनं सगळं सांगितलं. त्या दिवशी भर दुपारी पोस्टमन कुंडलिक पळत आला, सोलापूरचा ट्रंककॉल म्हणून. आता ट्रंककॉल कशाला येतो? माणूस गेल्याबिगर येतो का? नागव्वानं तिथंच मटकन बसकण मारली. लेक तर तरणीताठी, म्हणजे जावईच असणार. त्याला रक्तदाब आहे म्हणे.

"मला रक्तदाब न्हाय," ईरप्पा म्हणाला.

"त्ये आता काय करायचं! शिवपुत्र तसाच अनवाणी पोष्टाकडं पळाला. मागनं समदी गल्ली. हितं बायका नागव्वाला धरून बसल्या. चूल पेटली न्हाय कुनाची. नागव्वा लई रडली हो. म्हनली, जावई जरा चिकट हुता, पर मानूस चांगला हुता."

जमलेल्यांनी मान हलवली. चांगला होता याबद्दल दुमत नव्हतं. चिकटबद्दलही नव्हतं.

"आन मग शिवपुत्र परत आला. आमी समद्या उठून हुब्या. त्यो म्हनला, कुनी मेलं न्हाय. पत्रिका दिली दाजीनं. ट्रंककॉलवर."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं, असं ईरप्पाला वाटलं. त्यानं मान खाली घातली, तर गाठोडं दिसलं. गाठोड्यातून महिन्याभराच्या शेंगाचटणीचा खवट वास येत होता. आपल्यासाठी एक अख्खी गल्ली उपाशी राहिली आणि आपण त्या वेळी पेठेत बसून, एक जाणं वाचलं म्हणून खूश होतो. जिला आपण कधी बघितलंही नव्हतं ती बाई आपल्यासाठी रडली होती. आणि आपण मामाचं बोलावणं तीन मिनिटांत उरकलं होतं.

"ही मंडळी कुटं गेली मग?" त्यानं खालमानेनंच विचारलं.

"लग्नाला! आत्ता सकाळच्या गाडीनं. शिवपुत्र म्हनला, फोनवर बोलावलंय, तवा पाव्हन्यासारखं अक्षतापुरतं जायाचं. नागव्वा म्हनली, लेकीच्या घरला बोलावनं कशाला लागतंय? तुमच्या गाडीला वाटंत आडवी गेली आसंल की त्यांची गाडी."

ईरप्पाला तो धुरळा आठवला.

परतीची गाडी साडेदहाला. रस्त्यात कुठं टायर बसलं तर मांडवात मुलीचा बापच नाही, आणि तो वाटेत कुठं अडकलाय हे कुणाला ठाऊकही नाही. निदान कळवायला हवं. कळवायचं कसं, हा प्रश्न फोनवाल्या माणसाला पडू नये. ईरप्पा पोष्टात गेला. मागून गल्ली आलीच.

कुंडलिकनं कॉल लावून दिला. बराच वेळ गेला. मग तोच म्हणाला, "वाजतंय, पर कुनी उचलंना. लग्नाचं घर म्हंता, आन एवढ्या मानसांत कुनाला ऐकू येईना व्हय?"

"ऐकू येतंय त्यांना," ईरप्पा म्हणाला.

"मग उचलंनात का?"

ईरप्पाचा हात आपोआप कमरेला गेला. "फोन पेटीत हाय. पेटीला कुलूप हाय."

"आन किल्ली?"

ईरप्पानं करदोडा वर ओढून किल्ली दाखवली. पोष्टात आता मात्र हशा झाला. म्हातारा तर खाली बसून हसला. मेला होता तेव्हा या माणसाला इथं जास्त मान होता, हे ईरप्पाला स्पष्ट दिसलं.

इकडं घंटा वाजत होती. ईरप्पाच्या डोळ्यांपुढं ते सगळं उभं राहिलं. काचेच्या आत ओरडणारा फोन, काचेबाहेर नटलेली माणसं, आदरानं ऐकत उभी. एकदम घंटा थांबली, तारेतून काचा गळून पडल्याचा खळ्ळकन् आवाज आला आणि पाठोपाठ एक घाबरी आरोळी.

"हॅलो! कोन मेलं?"

आवाज शिवपुत्राचा होता. ट्रंककॉलची घंटा लांबलचक वाजते. ती ऐकून त्यानं वरवंटा उचलून पेटीची काच फोडली होती.

"मी," ईरप्पा म्हणाला. "मी ईरप्पा."

"पुन्ना तुमीच?" शिवपुत्रानं श्वास सोडला. "कुटं हाय तुमी दाजी? हितं नवरदेव तयार हाय, लगीन लावनारे जंगमबी आलेत. मुलीचा बाप कुटंय म्हनून लोक मला विचारत्यात!"

"वैरागला हाय. तुमच्या पोष्टात. तुमच्याच दारात जाऊन आलो."

"आन मी तुमच्या दारात हाय."

हे दोघांना उमगायलाच वेळ लागला. तेवढ्यात तीन मिनिटांतलं एक गेलं. मग पलीकडं फोन कुणीतरी ओढून घेतला.

"आवं," हेमावतीचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळंच ईरप्पानं गाठोडं छातीशी धरलं. "अव्वा विचारतीया, कुठली साडी?"

बाळाबाईनं कान पुढं केला.

"संगं हाय," ईरप्पा पुटपुटला. "गाठोडं संगंच हाय."

"देवापुढं ठेवली हुती म्हनं. नेसली हुती म्हनं."

"हेमा, चुकलं माझं. मी त्या दिवशी गेलोच न्हाय. शिवपुत्राला म्हनावं, अव्वाला म्हनावं, मी चुकलो, मी पाया पडतो..."

ईरप्पानं हे सगळं अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की तारेत काहीच वाजत नाही.

"तीन मिन्टं झाली," कुंडलिक म्हणाला. "गाठोडं संगंच हाय, हितवर गेलं बगा तिकडं. पुढचं आमीच ऐकलं."

बाळाबाई डोळे पुसत म्हणाली, "आमी माफ केलं हो. पर त्यांना जाऊन सांगा."

गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी सोलापुरात शिरली. टांग्यातून उतरून गाठोडं काखेत मारून ईरप्पा घामानं भिजलेला, धुळीनं माखलेला बाळीवेशीत आला, तेव्हा मांडव भरला होता. सनई थांबली. अडीचशे माणसांनी वळून मुलीच्या बापाकडं बघितलं. पुढच्या रांगेत सिद्धलिंगप्पा होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"आता दिसतोयस," ते म्हणाले.

मांडवाच्या दारात शिवपुत्र उभा होता. हातात कुंकवाचा करंडा. त्यानं ईरप्पाला आत जाऊ दिलं नाही. अंगठ्यानं कुंकू घेतलं आणि दाजीच्या कपाळाला लावलं. मग चार अक्षता त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"आमच्या भाचीचं लगीन हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "समदी मिळून या. समक्ष सांगतोय."

माणसं हसली. ईरप्पाला हसता येईना आणि मान वर करता येईना. वाटेत जुळवलेली वाक्यं धुळीबरोबर कुठं गेली होती कोण जाणे. तो तसाच पुढं गेला आणि सासूच्या पायांशी गाठोडं ठेवून वाकला. नागव्वानं गाठोड्याकडं बघितलंच नाही. तिनं दोन्ही हातांनी जावयाचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, मिशा, सगळं नीट.

"हायस न्हवं रे बाबा?" ती म्हणाली.

"हाय, अव्वा."

"मग झालं."

हेमावती पुढं आली. तिनं गाठोडं सोडलं, साडी काढली आणि देवापुढं ठेवली. डबा उघडून वास घेतला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. पाहुण्यांसमोर तो डबा कुठं ठेवावा हे ईरप्पाला सुचेना, म्हणून मंगलाष्टकं संपेपर्यंत तो त्याच्या काखेतच राहिला. शिवपुत्र भाचीच्या पाठीशी उभा होता. अक्षता पडल्या.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मैंदर्गीच्या व्याह्यांनी ईरप्पाला धीर दिला. "काळजी करू नका. आमच्याकडं पोष्टात फोन आहे. मुलीची खुशाली..."

"नको, नको," ईरप्पा घाईनं म्हणाला. त्याची नजर फुटक्या पेटीकडं गेली आणि तिथून हेमावतीकडं. "मी समक्ष येत जाईन."

आणि तो गेला. चार दिवसांनी गेला, आठ दिवसांनी गेला, मधे एक गुरुवार रिकामा होता म्हणून गेला. दर वेळी दोन कप चहा घेतला, व्याह्यांच्या गुडघेदुखीची चौकशी पहिल्यापासून केली, निघताना चप्पल सापडली नाही म्हणून आणखी अर्धा तास बसला. पाचव्या खेपेला व्याह्यांनी त्याला ओसरीवरूनच बघितलं. "या," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला. मग त्यांनी अगदी सहज विचारलं,

"ईरप्पा, तो टेलिफोनचा अर्ज कुठं करायचा असतो हो?"

"सोलापुरात. पण सहा वर्षं लागतात," ईरप्पा म्हणाला, आणि त्यानं मांडी नीट घालून घेतली.